‘तयार ठेवावे’ म्हणजे नेमके काय: परत आलेल्या एका निरंतर शिक्षण लेखाचे प्रकरण

शस्त्रक्रिया तंत्रज्ञांसाठीच्या (शस्त्रक्रियेच्या वेळी उपकरणे मांडून सर्जनच्या हातात देणाऱ्यांसाठीच्या) एका नियतकालिकाकडे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेवर निरंतर शिक्षणाचा लेख आला. ३१४० शब्द, तीन आकृत्या, दोन छायाचित्रे आणि शेवटी १० बहुपर्यायी प्रश्न. भाषा स्वच्छ होती, वैद्यकीय माहितीही बहुतांशी बरोबर होती. तरी दोन्ही समीक्षकांनी ‘मोठ्या दुरुस्तीसाठी परत’ असा शेरा मारला. हे हस्तलिखित कुणा एका लेखकाचे नाही. अशा लेखांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे. त्यातले शस्त्रक्रियेचे तपशील मात्र खरे आहेत.

अशा लेखाची जबाबदारी साध्या माहितीपर लेखापेक्षा मोठी असते. अमेरिकेत ‘सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट’ हे प्रमाणपत्र टिकवायचे तर दर २ वर्षांनी ३० क्रेडिट, म्हणजे निरंतर शिक्षणाचे गुण, जमवावी लागतात, आणि लेख वाचून त्यावरचे प्रश्न सोडवणे हा ती मिळवण्याचा एक नेहमीचा मार्ग आहे. वाचक लेखातले वाक्य उत्तर म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढच्या केसला तेच वाक्य हाताने करून पाहतो.

शब्द कुठे खर्च झाले

पहिल्या समीक्षकाने शेरे लिहिण्याआधी शब्द मोजले. इतिहास ५४०, शरीररचना ९१०, आजार आणि निदान ४६०, शस्त्रक्रियेचे टप्पे ९८०, तंत्रज्ञाची भूमिका २५०. ज्याच्यासाठी लेख लिहिला त्याच्या वाट्याला सर्वांत लहान भाग आला, तोही अगदी शेवटी. त्या २५० शब्दांत ‘तयार ठेवावे’ हे शब्द ११ वेळा होते. ‘आवश्यक साहित्य तयार ठेवावे’, ‘क्लिप ॲप्लायर तयार ठेवावा’, ‘कोलँजिओग्रामचे साहित्य तयार ठेवावे’. (क्लिप ॲप्लायर म्हणजे नलिका किंवा रक्तवाहिनी बंद करणारी क्लिप लावायचे उपकरण, कोलँजिओग्राम म्हणजे पित्तनलिकांचे क्ष-किरण चित्र.) कोणते साहित्य, किती, कोणत्या क्रमाने, कशाने बिघडते, यातले एकही उत्तर कुठे नव्हते.

हा दोष आळसातून येत नाही. लेखकाकडे सर्जनसाठी लिहिलेली पाठ्यपुस्तके असतात, त्यांची मांडणी पक्की असते आणि ती संक्षेपात उतरवणे सोपे जाते. मेयो स्टँडमागे, म्हणजे रुग्णाजवळच्या उपकरणांच्या छोट्या टेबलामागे, उभ्या असलेल्या माणसाला काय दिसते ते फारसे कुठे लिहिलेले नसते. अनुभवी तंत्रज्ञाला ते इतके अंगवळणी पडलेले असते की लिहिण्याजोगे वाटतच नाही. लेखात हवे असते नेमके तेच.

मसुद्यातले मूळ वाक्य असे होते (सिस्टिक डक्ट म्हणजे पित्ताशयातून निघून मुख्य पित्तनलिकेला मिळणारी नलिका): ‘सिस्टिक डक्टमध्ये कॅथेटर घालून कोलँजिओग्राम केला जातो. तंत्रज्ञाने आवश्यक साहित्य तयार ठेवावे.’

दुरुस्त लेखात त्याच जागी हा परिच्छेद आला:

‘कोलँजिओग्रामसाठी दोन सिरिंज भरा, एकीत सलाईन आणि दुसरीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव. दोन्ही द्रव रंगहीन असतात, म्हणून भरताक्षणी दोन्हींवर लेबल लावा. कॉन्ट्रास्ट सलाईनमध्ये निम्मे पातळ करण्याची पद्धत आहे, कारण दाट कॉन्ट्रास्टमध्ये लहान खडा झाकला जातो. प्रमाण सर्जनला विचारून घ्या आणि तेही लेबलवर लिहा. दोन्ही सिरिंज तीन वाटांच्या कॉकला जोडा, एक्स्टेन्शन नळी आणि ४ किंवा ५ फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप) कॅथेटर लावा आणि टोकातून सलाईनची अखंड धार येईपर्यंत सगळी व्यवस्था भरून घ्या. कॉक फिरवून कॉन्ट्रास्टच्या बाजूची हवाही काढा. बहुतेकांकडून राहून जाते ती हीच बाजू. राहिलेला बुडबुडा चित्रात गोल, स्वच्छ कडेचा डाग म्हणून उमटतो आणि खड्यासारखा दिसतो. मग रुग्णाच्या नलिकेचा विनाकारण शोध सुरू होतो. सर्जन आधी पित्ताशयाच्या बाजूला क्लिप लावेल, मग नलिकेला छोटी चीर देईल. म्हणून क्रम असा धरा: क्लिप ॲप्लायर, बारीक कात्री, कॅथेटर, आणि कॅथेटर धरून ठेवणारा क्लॅम्प किंवा क्लिप. क्लिपने धरायचे असेल तर ती घट्ट बसून कॅथेटर दाबला जाऊ शकतो. सिरिंज पुढे जात नसेल तर पहिला संशय तिथे घ्या. चित्र घेण्यापूर्वी क्ष-किरणांच्या वाटेतली धातूची उपकरणे बाजूला घेतली आहेत का ते पाहा.’

शब्द कित्येक पटींनी वाढले, तरी लेख एकूण लहानच झाला, कारण इतिहासाची पाने गेली. समीक्षकाच्या शेऱ्यात एक उपयोगी कसोटी होती: वाक्यातला ‘तंत्रज्ञाने’ हा शब्द काढून तिथे ‘भूलतज्ज्ञाने’ घातला आणि वाक्य तरीही तितकेच खरे राहिले, तर ते वाक्य काहीच शिकवत नाही. ‘आवश्यक साहित्य तयार ठेवावे’ या कसोटीवर नापास होते. ‘कॉक फिरवून कॉन्ट्रास्टच्या बाजूची हवाही काढा’ हे टिकते.

उद्दिष्टे

मूळ उद्दिष्टे तीन होती: वाचकाला पित्ताशयाची रचना समजेल, वाचक शस्त्रक्रियेशी परिचित होईल, वाचकाला तंत्रज्ञाच्या भूमिकेचे महत्त्व कळेल. ‘समजेल’, ‘परिचित होईल’, ‘महत्त्व कळेल’ यांची परीक्षा घेता येत नाही. जे तपासता येत नाही त्यावर प्रश्न बेतता येत नाही, मग प्रश्न जिथे सोपे निघतात तिथून, म्हणजे सन आणि नावांवरून, निघतात. या लेखात तसेच झाले होते.

नवी उद्दिष्टे चार ठरली. सुरक्षित दृश्याचे (क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवे अशा दृश्याचे) तीन निकष सांगून त्या वेळी कोणते उपकरण हाताशी हवे ते ठरवता येणे. क्लिप ॲप्लायर तपासण्याचा व देण्याचा क्रम लावता येणे आणि क्लिप पोटात पडण्याची कारणे सांगता येणे. कोलँजिओग्रामची मांडणी हवा न ठेवता आणि लेबलासह करता येणे. विद्युत उपकरणाने नजरेआड भाजण्याच्या तीन प्रकारांतला फरक ओळखता येणे. ही उद्दिष्टे ठरवत असताना लेखकाने मसुदा बाजूला ठेवला होता, आणि ते योग्यच झाले. मसुदा समोर असला की माणूस जे लिहून झाले आहे त्यालाच साजेशी उद्दिष्टे शोधतो.

मग प्रत्येक परिच्छेदाच्या समासात उद्दिष्टाचा क्रमांक टाकला. ज्याला क्रमांक मिळाला नाही तो परिच्छेद काढला किंवा एका वाक्यावर आणला. इतिहास ५४० वरून ६० शब्दांवर आला. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली केलेली पहिली शस्त्रक्रिया एका वाक्यात राहिली. त्यापुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे होते: नवे तंत्र झपाट्याने पसरले त्या सुरुवातीच्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले, आणि १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग व सहकाऱ्यांनी ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’, म्हणजे वर सांगितलेले सुरक्षित दृश्य, मांडले. इतिहासाचा एवढा तुकडा पहिल्या उद्दिष्टाला थेट आधार देतो, म्हणून तो राहिला.

अंतिम विभागणी अशी झाली: इतिहास ६०, शरीररचना ४२०, निदान १३०, मांडणी व पूर्वतयारी ४८०, टप्पे ७२०, अडचणी ४००, नमुना व मोजणी १५०. एकूण २३६०. ‘तंत्रज्ञाची भूमिका’ असा वेगळा भाग उरलाच नाही, ती सगळ्या लेखात मिसळली.

जुनी माहिती आणि अर्धवट माहिती

दुसरा समीक्षक सर्जन होता. त्याला चार जागा खटकल्या.

पहिली, पोट फुगवण्यासाठी भरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ‘निष्क्रिय वायू’ म्हटले होते. तो निष्क्रिय नाही. रक्तात शोषला जातो, रक्तातली आम्लता वाढवतो, म्हणून भूलतज्ज्ञ श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतो. तो वापरतात कारण तो ज्वलनाला मदत करत नाही आणि रक्तात सहज विरघळतो, त्यामुळे वायू रक्तवाहिनीत शिरलाच तर हवेपेक्षा धोका कमी असतो. कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही लेखात लिहायला हवे होते.

दुसरी, पोटातला दाब ‘१५ ते २०’ असा दिला होता. नेहमीच्या कामाला १२ ते १५ मिलिमीटर पारा धरतात, आणि जमेल तिथे त्याहून कमी. हा आकडा महत्त्वाचा, कारण इन्सफ्लेटरचा, म्हणजे पोटात वायू भरणाऱ्या यंत्राचा, पडदा दिसण्याच्या टप्प्यात तंत्रज्ञही असतो. वायू भरण्यासाठीची व्हेरेस सुई आत गेल्यावर सुरुवातीलाच दाब चढा आणि प्रवाह अगदी कमी दिसला, तर सुईचे टोक चुकीच्या थरात असू शकते, नाहीतर नळीचा कॉक बंद राहिलेला असतो. दुसरे कारण मेयो स्टँडवरून एका नजरेत तपासता येते. दुरुस्तीत हे दोन ओळींत आले.

तिसरी चूक जुन्या पाठ्यपुस्तकांतून उतरलेली होती: ‘शिंपले-कोळंबीची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊ नये.’ कवचधारी माशांची ॲलर्जी त्यांतल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नसते. विचारायचे ते याआधी कॉन्ट्रास्टची प्रतिक्रिया आली होती का. असे वाक्य लेखात गेले की ते प्रश्नात जाते, प्रश्नातून शेकडो वाचकांच्या डोक्यात जाते आणि पुढच्या लेखकाला ‘सगळीकडे असेच लिहिलेले आहे’ असा आधार मिळतो. म्हणून एकाच गोष्टीसाठी तीन पाठ्यपुस्तके दाखवणे म्हणजे तीन पुरावे नव्हेत. ती एकमेकांवरूनही उतरलेली असू शकतात. मार्गदर्शक सूचना किंवा मूळ संशोधनापर्यंत जावे लागते.

चौथी चूक अधिक सूक्ष्म. मजकुरात कॅलोच्या त्रिकोणाच्या, म्हणजे सिस्टिक डक्ट आणि यकृताची नलिका यांच्यामधल्या जागेच्या, मूळ सीमा होत्या, त्यात वरची बाजू सिस्टिक धमनी. आकृतीत मात्र हेपॅटोसिस्टिक त्रिकोण होता, ज्यात वरची बाजू यकृताची खालची कड. आज सर्जन ‘कॅलोचा त्रिकोण’ म्हणत बहुधा दुसराच दाखवतात. दोन्ही बरोबर, पण एका लेखात दोन्ही न सांगता मिसळले की वाचक आकृतीकडे बघून गोंधळतो. दुरुस्तीत दोन्ही सीमा सांगितल्या आणि पुढे एकच नाव वापरले.

क्लिपचा परिच्छेद

सर्वांत जास्त काम या परिच्छेदावर झाले. मसुद्यात ‘सर्जन क्लिप लावतो’ एवढेच होते. दुरुस्तीत आधी सुरक्षित दृश्याचे तीन निकष आले: त्रिकोणातली चरबी आणि तंतुमय पेशीजाल साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा सुमारे एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोन रचना दिसतात. हे दृश्य पुढून आणि मागून दाखवले जाऊ लागले की क्लिप ॲप्लायर मागितला जाणार, हे पडद्यावर नजर असलेल्या तंत्रज्ञाला कळते.

त्यानंतर बिघाड. पुन्हा वापरायच्या ॲप्लायरमध्ये क्लिप जबड्याच्या खाचेत पूर्ण बसली नाही तर ती पोर्टमधून, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीच्या वाटेतून, जाताना सुटते. देताना दांडा किंचितही दाबला गेला तर क्लिप अर्धवट मिटते आणि जबडा उघडताच पडते. म्हणून ॲप्लायर दांड्याला धरून न देता नळीला धरून द्यायचा, म्हणजे आपल्याकडून दाब पडण्याची शक्यताच राहत नाही. क्लिपचा आकार ॲप्लायरच्या आकाराशी जुळायला हवा, आणि १० मिलिमीटरचा ॲप्लायर ५ मिलिमीटरच्या पोर्टमधून जाणार नाही, हे पोर्ट ठरतानाच पाहायचे. आयत्या वेळी पोर्ट बदलणे म्हणजे रक्तस्राव चालू असताना वाया गेलेली मिनिटे. जबडे सरळ रेषेत मिटतात की एकमेकांना ओलांडतात, हे मांडणी करतानाच बघता येते. जबडे ओलांडणारा ॲप्लायर क्लिप कात्रीसारखी फिरवतो आणि ती नलिकेला कापू शकते.

क्लिपच्या संख्येवर मात्र लेखाने सावध राहणे योग्य. नलिकेवर रुग्णाच्या बाजूला दोन आणि पित्ताशयाच्या बाजूला एक ही रूढ पद्धत आहे, पण सर्जनागणिक फरक पडतो. नलिका रुंद असेल तर दोऱ्याचा फास किंवा लॉक होणारी पॉलिमर क्लिप मागितली जाते. लेखात रूढ पद्धत सांगावी, कारण सांगावे, आणि फास कुठे ठेवला आहे ते तंत्रज्ञाने आधीच पाहून ठेवावे असे लिहावे.

नजरेआडचे भाजणे

मूळ मसुद्यात ‘कॉटरी काळजीपूर्वक वापरावी’ इतकेच होते. कॉटरी म्हणजे विजेने ऊतक कापणारे आणि रक्तस्राव थांबवणारे उपकरण. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उपकरणाचा बराचसा भाग कॅमेऱ्याबाहेर असतो, त्यामुळे ‘काळजीपूर्वक’ या शब्दाने काहीच साधत नाही. दुरुस्तीत तीन यंत्रणा वेगळ्या केल्या. इन्सुलेशन फाटणे: आवरणाला केसाएवढी भेग पडली तरी वीज तिथून आतड्यात जाते. आवरण केसच्या आधी पूर्ण लांबीवर तपासायचे, जबड्याजवळचा भाग विशेष. थेट जोडणी: चालू टोक दुसऱ्या धातूला, उदाहरणार्थ दुर्बिणीला किंवा क्लिपला, लागते. तिसरी कपॅसिटिव्ह जोडणी: आवरण शाबूत असूनही भोवतीच्या धातूत वीज उतरते. कॅन्युला, म्हणजे पोर्टची नळी, पूर्ण धातूची असेल तर ती वीज पोटाच्या भिंतीत पसरून जाते. धातूच्या नळीला प्लास्टिकची कॉलर असलेली मिश्र कॅन्युला हा मार्ग अडवते, म्हणून ती टाळायची. तंत्रज्ञ पोर्ट उघडून देतो, त्यामुळे ही निवड त्याच्या हातून होते.

याच परिच्छेदाला जोडून प्रकाशाच्या केबलबद्दल एक वाक्य घातले. दुर्बिणीपासून सुटलेले चालू टोक ड्रेपवर, म्हणजे रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडावर, ठेवले तर ड्रेप पेटू शकतो. आधी प्रकाशयंत्र स्टँडबायवर, मग केबल सोडवणे.

पोट उघडण्याची वेळ आली तर काय, हा भाग कोणत्याच उद्दिष्टाखाली बसत नव्हता. खरे तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तरी एक छोटा परिच्छेद ठेवला: उघड्या शस्त्रक्रियेचा संच खोलीत असावा, त्यातल्या साहित्याची मोजणी आधी झालेली असावी, आणि घाईत बाजूला केलेली दुर्बिणीची उपकरणे मोजणी पूर्ण होईपर्यंत खोलीबाहेर जाऊ नयेत. यावर प्रश्न विचारला नाही. नमुन्याबद्दलही असेच: पित्ताशय फॉर्मालिनमध्ये, पण रासायनिक तपासणीसाठी वेगळा काढलेला खडा कोरडा. एवढे पुरते.

प्रश्न

१० पैकी ६ प्रश्न इतिहास आणि शरीररचनेवर होते, तंत्रज्ञाच्या कामावर एक. त्याशिवाय घडणीतले दोष. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?’ हा दुहेरी नकार वाचनाची परीक्षा घेतो, विषयाची नाही. चार प्रश्नांत ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय होता आणि चारही वेळा तोच बरोबर होता. आणखी दोन प्रश्नांत सर्वांत लांब पर्याय बरोबर होता, कारण लेखकाने बरोबर उत्तर काळजीपूर्वक पूर्ण लिहिले आणि चुकीचे पर्याय उरकले. ‘सिस्टिक डक्टवर किती क्लिप लावतात?’ या प्रश्नाला तर दोन बरोबर उत्तरे निघत होती.

चांगले चुकीचे पर्याय कल्पनेने सुचत नाहीत, ते खऱ्या चुकांतून येतात. क्लिपचा प्रश्न बदलून असा झाला: ‘ॲप्लायर पोर्टमधून आत गेला, जबडा उघडला आणि क्लिप पडली. सर्वांत संभाव्य कारण कोणते?’ पर्याय: दाब कमी होणे, देताना दांडा दाबला जाणे, दुर्बिणीवर धुके येणे, पोर्टचा व्यास मोठा असणे. चारही गोष्टी शस्त्रक्रियागृहात घडतात, त्यामुळे न वाचता अंदाज बांधणे अवघड होते.

चार उद्दिष्टांना अनुक्रमे २, ३, ३, २ प्रश्न मिळाले. प्रत्येक प्रश्नासमोर उद्दिष्टाचा आणि उत्तर ज्या परिच्छेदात आहे त्याचा क्रमांक लिहिला. मग प्रश्न एका तंत्रज्ञाला लेखाशिवाय दिले आणि जे त्याने नुसत्या तर्काने सोडवले ते पुन्हा घडवले.

चित्रे आणि नावे

कोलँजिओग्रामच्या छायाचित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि तारीख तशीच होती. त्यावर काळी पट्टी चिकटवून भागत नाही, कारण वर्ड फाइलमधली पट्टी सरकवता येते. चित्र मूळ स्वरूपातच कापून नव्याने जतन करावे लागते, आणि वापराची लेखी परवानगी वेगळी. एक आकृती पाठ्यपुस्तकातली होती. खाली स्रोत लिहिला म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. ती वगळून नवी काढून घेतली.

दुसरे छायाचित्र उपकरण बनवणाऱ्या कंपनीने पुरवलेले होते आणि मजकुरात त्याच उपकरणाचे व्यापारी नाव वारंवार येत होते. लेखकाचा हेतू जाहिरातीचा नव्हता, त्याच्या शस्त्रक्रियागृहात तेच उपकरण होते. तरी क्रेडिट देणाऱ्या लेखात हे चालत नाही. सर्वत्र सामान्य नाव घातले आणि छायाचित्राचा स्रोत उघड केला.

छपाईपूर्व तपासणी

पानांची मांडणी करताना प्रश्न ७ चे पर्याय दोन स्तंभांत विभागले गेले आणि ‘ब’ व ‘क’ यांची जागा बदलली. उत्तरतालिका जुनीच राहिली. मुद्रितशोधन करणाऱ्याने वाक्ये तपासली होती, अक्षरे नाही. म्हणून शेवटच्या प्रतीवर लेखकाने स्वतः, तालिका न बघता, दहाही प्रश्न सोडवले आणि मग दोन्ही जुळवले. चूक तिथे सापडली. त्याच वेळी त्याने संपादकाला मजकुरातल्या चार जागांची यादी दिली: दाबाचा आकडा, कॉन्ट्रास्टच्या ॲलर्जीचे वाक्य, कॉन्ट्रास्ट पातळ करण्याचे प्रमाण आणि कॅन्युलाचा प्रकार. लेख क्रेडिटसाठी पुन्हा उपलब्ध करण्याआधी या चार जागा नव्या मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहायच्या, आणि एकही बदलली असेल तर तिच्यावरचा प्रश्न त्याच दिवशी मागे घ्यायचा.